मूससाठी कुठलं काडतूस? .३०८, ६.५×५५, .३०-०६, ९.३×६२ आणि मॅग्नम यांची पारख

निकाल आधीच सांगतो. बेळगाव भागातून स्वीडन, नॉर्वे, फिनलंड किंवा कॅनडात गेलेल्या आणि तिथल्या परवान्यावर पहिल्यांदा मूसच्या, म्हणजे उत्तरेकडच्या सगळ्यात मोठ्या हरणाच्या, शिकारीला उभं राहणाऱ्या माणसासाठी .३०८ विंचेस्टर हे सगळ्यात सरळ काडतूस आहे. गोळी १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हवी, आणि तिचं शिसं तांब्याच्या आवरणाला पक्कं जोडलेलं हवं. बाकीच्या काडतुसांचीही आपापली जागा आहे, पण ती का आणि कुणासाठी, हे नीट समजून घेतल्याशिवाय पैसे घालू नयेत.

हे लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडून तिकडे जाणारी माणसं. उद्यमबागेत यंत्रांवर हात बसलेले इंजिनियर, निपाणी-चिकोडीकडून कॅनडात स्थायिक झालेली कुटुंबं, मुलाकडे काही महिने राहायला जाणारे मराठा लाइट इन्फंट्रीचे निवृत्त हवालदार-सुभेदार. यांना सल्ले दोनच मिळतात. तिकडचा शेजारी म्हणतो, माझ्याकडे आहे तेच घे. इकडून फोनवर आप्पा म्हणतात, ‘तीनशे तीन घे गा, तिच्यासारखी दुसरी नाही.’ म्हणजे .३०३, जुनी फौजी रायफल. दोन्ही सल्ले अनुभवातूनच आलेले असतात, पण गोळी कुठली घ्यायची हे दोघंही सांगत नाहीत, आणि जनावर पडतं किंवा जखमी होऊन निसटतं ते त्यावरच. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे. गवा तर पहिल्या अनुसूचीत आहे. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते तिकडच्या रीतसर शिकारीपुरतंच.

आधी जनावर. जांबोटी, कणकुंबी, भीमगडच्या बाजूला गवा पाहिलेल्या माणसाला मूसच्या वजनाचं नवल वाटणार नाही. स्कँडिनेव्हियातला मोठा नर ४०० ते ५०० किलोंपर्यंत भरतो, अलास्कातला ६०० च्या पुढे जातो. पूर्ण वाढलेला गवा यापेक्षाही जड असू शकतो. फरक आहे तो बांध्यात. मूसचे पाय फार लांब, खांदा जमिनीपासून दोन मीटरच्या घरात, आणि खांद्यावर उंचवटा. हा उंचवटा म्हणजे मणक्यांवरची लांब हाडं आणि मांस. तिथे गोळी लागली तर जनावर दचकतं, कधी खाली बसतं आणि उठून निघून जातं. गव्याचा अंदाज डोक्यात असलेला माणूस हमखास वर नेम धरतो. आडव्या उभ्या मूसवर शस्त अशी धरायची: पुढच्या पायाच्या मागच्या कडेनं सरळ वर जायचं आणि छातीच्या उंचीच्या खालून एक तृतीयांशावर थांबायचं. तिथे दोन्ही फुफ्फुसं मिळतात, आणि चुकीला चारही बाजूंनी जागा उरते. डोकं आणि मान यांचा विचारही करू नये.

फुफ्फुसात बसलेली गोळी मूसला जागच्या जागी पाडेलच असं नाही. बरेचदा ते काही झालंच नाही असं उभं राहतं, किंवा पन्नास-शंभर मीटर चालून मग कोसळतं. म्हणून गोळीनं दोन कामं करायला हवीत. आत गेल्यावर उमलायला हवी, आणि तरीही पलीकडून बाहेर पडायला हवी. पलीकडचं भोक नसेल तर रक्त छातीतच साठतं आणि ओल्या शेवाळात माग लागत नाही. काडतुसाची सगळी पारख या दोन कामांवरूनच करायची.

कायद्याचे आकडे पाठ असावेत. स्वीडन आणि फिनलंडमध्ये मूससाठी गोळी ९ ते १० ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर किमान २,७०० ज्यूल ऊर्जा लागते. गोळी १० ग्रॅम किंवा जड असेल तर २,००० ज्यूल पुरतात. नॉर्वेत जड गोळीसाठी हाच आकडा २,२०० आहे. ९ ग्रॅमखालची गोळी चालत नाही आणि न उमलणारी तर मुळीच नाही. पेटीवर वजन ग्रेनमध्ये असेल तर १५.४३ नं भागा, ग्रॅम मिळतील. ऊर्जा काढायला ग्रॅमचे किलो करा, वेगाच्या वर्गानं गुणा आणि निम्मं करा. १०.१ ग्रॅमची गोळी १०० मीटरवर सेकंदाला ७०० मीटर वेगानं जात असेल तर सुमारे २,४७० ज्यूल येतात, म्हणजे तिन्ही देशांत पास.

या आकड्यांत दोन खड्डे आहेत. पहिला .२७० विंचेस्टरचा. हे १९२५ पासून चालत आलेलं उत्तम काडतूस आहे, पण दुकानात त्याची सगळ्यात सहज मिळणारी गोळी १३० ग्रेनची, म्हणजे ८.४ ग्रॅम. मूससाठी ती बादच. १५० ग्रेनची गोळी ९.७ ग्रॅम भरते, पण मग २,७०० ज्यूलची अट लागू होते. पेटीवरचा वेग साधारण ६० सेंटीमीटरच्या नळीवर मोजलेला असतो. तुमची नळी ५१ सेंटीमीटरची असेल तर हिशेब काठावर येतो. दुसरा खड्डा ६.५ मिलीमीटरमधल्या तांब्याच्या गोळ्यांचा. शिशाविना केलेली गोळी त्याच लांबीत हलकी भरते. त्यामुळे ६.५ च्या तांब्याच्या गोळ्या बहुधा १२० ते १३० ग्रेनच्या असतात आणि ९ ग्रॅमच्या अटीत अडकतात. पेटीवर मोठ्या जनावराचं चित्र आहे म्हणून ती चालते असं नाही. वजन वाचा आणि त्या वर्षीचा नियम पाहूनच घ्या.

आता गोळी. इथे जास्त वेळ घालवतो, कारण काडतुसाच्या नावावर रात्र-रात्र वाद घालणारी माणसं गोळी मात्र दुकानदार देईल ती उचलतात.

साधी मऊ टोकाची गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि वर तांब्याचं पातळ आवरण. हरणासारख्या जनावराला ती पुरते. मूसच्या खांद्याच्या हाडावर वेगात आदळली की आवरण आणि गाभा वेगळे होतात, शिशाचे तुकडे पसरतात आणि गोळी अर्ध्या वाटेत संपते. बाहेरून जखम भयंकर दिसते, पण फुफ्फुसापर्यंत फारसं काही पोचलेलं नसतं. चिखल वाळलेल्या मूसच्या खांद्यावर गोळ्या फुटून वाया गेल्या, म्हणूनच १९४६ च्या शिकारीनंतर जॉन नॉस्लर या अमेरिकन माणसानं मधोमध आडवी भिंत असलेली गोळी बनवली आणि १९४८ पासून विकायला सुरुवात केली. तीच नॉस्लर पार्टिशन. पुढचा अर्धा भाग उमलून झिजतो, भिंतीमागचा अर्धा भाग शाबूत राहून आत घुसत जातो. आजही हिला तोड कमी आहे. उणीव एवढीच की काही रायफलींत हिचं ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागणं, थोडं सैल पडतं.

दुसरा प्रकार जोडगोळीचा, म्हणजे शिसं आवरणाला रसायनानं किंवा उष्णतेनं चिकटवलेली गोळी. नोर्मा ओरिक्स ही यातली स्कँडिनेव्हियात सगळीकडे मिळणारी. ती लवकर आणि रुंद उमलते, तरी बरंचसं वजन टिकवते. शंभर मीटरच्या आतल्या शिकारीला आमची पहिली पसंती हीच. लापुआ मेगा जुन्या पद्धतीची, थोडी स्वस्त, मध्यम वेगाच्या काडतुसांत फार विश्वासाची, पण मॅग्नमच्या, म्हणजे जास्त दारूच्या मोठ्या काडतुसांच्या, वेगाला ती घालू नये. तिसरा प्रकार बार्न्स टीटीएसएक्ससारखी अख्खी तांब्याची गोळी. ही तुटत नाही, वजन जवळपास पूर्ण टिकतं, मांसात शिशाचे कण राहत नाहीत, आणि ज्या घरात लहान मुलं तेच मांस खाणार तिथे हा मोठा मुद्दा आहे. मात्र तिला उमलायला वेग लागतो. सेकंदाला ६०० मीटरच्या खाली गेली की कधी कधी पेन्सिलीएवढं भोक पाडून निघून जाते. म्हणून तांब्याची गोळी घेताना एक पायरी हलकी आणि वेगवान घ्यावी. .३०८ मध्ये १५० ते १६५ ग्रेन ठीक. आणि नळी आधी नीट साफ करावी. जुन्या तांब्याच्या थरावर नवी तांब्याची गोळी मारली की ग्रुपिंग बिघडतं आणि दोष मात्र गोळीला मिळतो.

फौजी पूर्ण आवरणाची गोळी मूसवर कुठेही नको. ती उमलत नाही, भोक पाडून जाते, आणि जनावर कित्येक किलोमीटर लांब जाऊन मरतं.

.३०८ विंचेस्टर. १९५२ साली बाजारात आलं. फौजेचं ७.६२×५१ याचंच भावंड. ज्यांनी कॅम्पातल्या रेंजवर एसएलआर, म्हणजे फौजेची जुनी रायफल, चालवली त्यांना हे ओळखीचं वाटेल, आणि तिथेच एक गैरसमज होतो. एसएलआर चार किलोंच्या वरची, गॅसवर चालणारी, त्यामुळे धक्का पसरून यायचा. टिक्का टी३एक्स या फिनिश शिकारी रायफलीची हलकी आवृत्ती तीन किलोंच्या आसपासची, बोल्टची. तेच काडतूस तिच्यात खांद्याला चांगलंच लागतं. दुर्बिणीसकट साडेतीन किलोंच्या रायफलीत १८० ग्रेनचा धक्का २४-२५ ज्यूलच्या घरात असतो. हा बहुतेकांना सरावानं पचतो, आणि घोडा ओढताना डोळे मिटायची सवय लागत नाही. १८० ग्रेनची गोळी, म्हणजे ११.७ ग्रॅम, साधारण ८०० मीटर वेगानं निघते. १०० मीटरवर ३,००० ज्यूलच्या आसपास उरतात. आखूड नळीतही हे काडतूस फारसं रडत नाही: ६० वरून ५१ सेंटीमीटरवर आलात तर २५ ते ३० मीटरचा वेग जातो, एवढंच. सरावाच्या स्वस्त गोळ्या हव्या तेवढ्या मिळतात आणि गावातल्या छोट्या दुकानातही पेटी असते. उणीव म्हणायची तर २०० ग्रेनच्या जड गोळ्या यात बसवल्या की दारूला जागा कमी पडते. त्या यात घेऊ नयेत.

६.५×५५. १८९४ चं स्वीडिश-नॉर्वेजियन फौजी काडतूस, आणि कागदावर पाहिलं तर मूससाठी कमकुवत वाटणारं. पण स्वीडनमध्ये पिढ्यान् पिढ्या याच काडतुसानं मूस पडत आले आहेत, आणि त्याचं कारण साधं आहे. १५६ ग्रेनची गोळी बारीक आणि फार लांब असते. तेवढंच वजन कमी रुंदीवर आल्यानं ती सरळ आत शिरत जाते. धक्का २० ज्यूलच्या खाली. ज्या स्त्रिया पहिल्यांदा रायफल हातात घेतात, ज्या निवृत्त माणसांचा खांदा पूर्वी दुखावलेला आहे, त्यांच्यासाठी आम्ही .३०८ च्याही आधी हे सांगू. अट एकच: १५५-१५६ ग्रेनची ओरिक्स किंवा मेगा, आणि वजन १० ग्रॅमच्या वर असल्याची खात्री. १४० ग्रेनची गोळी ९.१ ग्रॅम भरते आणि मग तिला २,७०० ज्यूल गाठावे लागतात, ते या काडतुसात अवघड. यात घाईचा, तिरका मागून मारलेला नेम चालत नाही. बाजू आडवी मिळेपर्यंत थांबण्याचा संयम हवा. तो असेल तर याहून चांगली खरेदी नाही.

.३०-०६ स्प्रिंगफील्ड. १९०६ चं. .३०८ पेक्षा थोडी जास्त दारू, थोडा जास्त वेग, १०० मीटरवर ३,२०० ते ३,३०० ज्यूल, आणि २०० ग्रेनच्या गोळीलाही पुरेशी जागा. कॅनडात, जिथे मूसच्या रानात अस्वलही असतं आणि पाणथळ माळावर नेम दोनशे मीटरपर्यंत लांबतो, तिथे आम्ही .३०८ ऐवजी हे घेऊ. स्वीडनच्या दाट झाडीत दोघांतला फरक जनावराला कळत नाही.

९.३×६२. जर्मन बंदूककार ओटो बॉक यानं १९०५ मध्ये आफ्रिकेतल्या वसाहतींतल्या शेतकऱ्यांसाठी तयार केलं, आणि घर मिळालं ते स्कँडिनेव्हियात. २८६ ग्रेनची गोळी, म्हणजे साडेअठरा ग्रॅम, ७२० मीटर वेगानं निघते. १०० मीटरवर ३,९०० ज्यूलच्या आसपास. वेग कमी असल्यामुळे मांस कमी नासतं, आणि गोळी जवळपास नेहमीच पलीकडून बाहेर पडते. कुत्रं मूसला रोखून धरतं आणि तुम्ही झाडीतून चाळीस मीटरवर पोचता, अशा शिकारीला हे काडतूस अगदी योग्य. धक्का मात्र ४० ज्यूलच्या वर जातो. तो झटक्यापेक्षा ढकलल्यासारखा येतो म्हणून लोक कमी समजतात, पण विसाव्या गोळीनंतर खांदा खरं सांगतो. ज्यानं वर्षभर सराव केला आहे त्याचंच हे काम. २३२ ग्रेनची हलकी भरणी घेतली तर धक्का थोडा उतरतो आणि गोळीचा मार्गही सपाट होतो. पहिल्यांदा घेणाऱ्यानं तिथून सुरुवात करावी.

.३०३. आप्पांचा सल्ला टाकाऊ नाही. १८० ग्रेनची मऊ टोकाची गोळी ७५० मीटरच्या आसपास वेगानं निघते आणि १०० मीटरवर २,६०० ज्यूल देते. कॅनडात या काडतुसानं अमाप मूस मारले गेले आहेत आणि कॅनडियन रेंजर्स या तिथल्या राखीव फौजी दलानं .३०३ ची ली-एन्फील्ड रायफल अगदी अलीकडेपर्यंत वापरली. अडचण आहे ती रायफलीची. जुन्या नळ्या झिजलेल्या असतात, आतलं माप रायफलीगणिक बदलतं, दुर्बीण सहज बसत नाही. जुनी मिळत असेल तर बंदूककाराकडून नळी आणि हेडस्पेस (बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा) तपासून घ्या. ग्रुपिंग १०० मीटरवर सात सेंटीमीटरच्या आत आलं तर खुशाल वापरा. जोडगोळीचे पर्याय मात्र यात फार थोडे.

मॅग्नमबद्दल थोडक्यात. .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ चं, .३३८ विंचेस्टर मॅग्नम १९५८ चं. अलास्कात, उघड्या डोंगरउतारावर, अस्वलाच्या मुलखात ती शोभतात. झाडीतल्या पन्नास मीटरच्या नेमाला .३०० मधून साधी गोळी मारलीत तर ती हाडावर फुटते आणि पुढचा आख्खा फरा रक्ताळून वाया जातो. धक्का ३८ ते ४७ ज्यूल. नवख्याला सवय लागते ती घोडा झटकायची, आणि झटकलेला घोडा म्हणजे पोटात लागलेली गोळी. नवख्यानं घेऊ नये.

काडतूस ठरलं की त्याच भरणीच्या, त्याच लॉट नंबरच्या निदान तीन पेट्या एकदम घ्या. पेटीत वीस येतात. लॉट बदलला की वेगात फरक पडतो आणि गोळी लागायची जागा सरकते. झिरोइंग, म्हणजे दुर्बीण गोळीशी जुळवणं, शिकारीच्याच गोळीनं करा, सरावाच्या स्वस्त गोळीनं नव्हे. .३०८ मध्ये १०० मीटरवर चार सेंटीमीटर वर ठेवली तर साधारण १६५ मीटरवर ती शस्तीवर येते आणि २०० मीटरवर पाचेक सेंटीमीटर खाली. मूसच्या फुफ्फुसांच्या जागेसाठी एवढ्यात कुठेही नेम बदलावा लागत नाही. पाच गोळ्या पाच सेंटीमीटरमध्ये आल्या की बाकावरचं काम संपलं. मग उभं राहून, काठीच्या आधारानं आणि गुडघ्यावरून मारा. स्वीडनमध्ये पळत्या मूसच्या पुठ्ठ्यावर ८० मीटरवरून सराव करायची सोय बहुतेक रेंजवर असते. नॉर्वेत दर वर्षी तीस गोळ्यांचा सराव आणि पाच गोळ्यांची परीक्षा द्यावीच लागते. फौजेतून आलेल्या माणसांनी हे हलक्यात घेऊ नये. पुठ्ठा स्थिर असताना सगळेच नेमबाज असतात.

रानात गोळी मारल्यावर बोल्ट लगेच ओढून दुसरी भरा आणि जनावर उभं असेल तर पुन्हा मारा. पडलं तरी नळी त्याच्याकडेच राहू द्या. जिथे उभं होतं त्या जागेची खूण झाडावरून पक्की करा, नंतर शोधताना सगळी झाडं सारखी दिसतात. फिकट, फेसाळ रक्त म्हणजे फुफ्फुस. गडद रक्त किंवा हिरवट घाण दिसली तर पाऊल पुढे टाकू नका, थांबा आणि माग काढणारं कुत्रं बोलवा. स्वीडनमध्ये असं प्रशिक्षित कुत्रं दोन तासांत जागेवर पोचेल याची तजवीज आधीच असावी लागते.

परत येताना सामानाचे कप्पे उलटे करून झटका. कोटाच्या खिशात राहिलेलं एक जिवंत काडतूस म्हणजे परवान्याशिवाय दारूगोळा बाळगणं, आणि सांबऱ्याच्या विमानतळावर ते १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतं. पितळेच्या रिकाम्या केसही आठवण म्हणून आणू नका. त्याही तपासणीत अडवल्या जातात. रायफलीची पिशवी आणि कोट दोन्ही तिकडेच मित्राकडे ठेवावेत, पुढच्या हंगामाला लागतीलच.